साहेबांचे सहा चष्मे

साहेबांच्या गाडीत उघड्या डोळ्यांनी बसायची परवानगी नव्हती. आपण दार ओढून बसलो, की इंजिन सुरू करायच्या आधी ते समोरची मखमली पेटी उचलून पुढे करत आणि विचारत, "आज काय घेणार?" पाहुण्याला चहा की कॉफी विचारावं तसं. पेटीत सहा रंगांचे सहा चष्मे होते. आपण संकोचून "काहीही चालेल" म्हटलं, तर ते आपलं तोंड क्षणभर निरखत आणि स्वतःच एक निवडून देत. मला बहुतेक वेळा नारिंगी मिळायचा. नारिंगी हा आळशी प्रकृतीच्या माणसांसाठी असतो, असं सोबतच्या पत्रकात लिहिलेलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

साहेब म्हणजे आमचे सर्कल इन्स्पेक्टर. महसूल खात्यात तलाठ्यांच्या वरचा आणि बाकी सगळ्यांच्या खालचा माणूस. मी त्यांच्या हाताखालचा तलाठी, नोकरीला लागून तीनेक वर्षं झालेला. साहेब शहापूरला राहत, मी सापगावात आईवडिलांकडे, आणि आमची गावं मात्र पार मुरबाडच्या पुढे, माळशेजच्या रस्त्याला. साहेबांनी सेकंडहँड मोटार घेतलेली होती. तिचा रंग मुळात पांढरा असावा, मी पाहिली तेव्हा तो साखरेच्या पाकासारखा झाला होता. रोज सकाळी ते सापगावच्या पुलाजवळ मला उचलायचे आणि संध्याकाळी तिथेच सोडायचे. नव्वदचं दशक संपत आलं होतं, रस्त्यावर गाड्या आजच्या मानानं नावालाच होत्या, तरी साहेबांना त्या पुरेशा होत्या.

पुरेशा म्हणजे चिडायला. चष्मे येण्याआधीचे साहेब मी वर्षभर भोगले होते. गाडी चालवताना त्यांना राग यायचा असं म्हणणं बरोबर नाही. राग मुळात होताच, गाडी त्याला फक्त गावोगाव फिरवून आणायची. पुढची एसटी तिच्या थांब्यावर थांबली तरी तो त्यांना स्वतःचा अपमान वाटे. म्हैस आडवी आली तर काच खाली करून "कुणाची तू?" असं तिलाच विचारत, आणि जवळपास मालक सापडला तर त्याला कोंडवाड्याचे नियम कलमांसकट ऐकवत. एकदा किन्हवलीच्या अलीकडे खडीच्या एका डंपरनं आम्हाला कट मारला. साहेबांनी गाडी वळवली, आलेल्या वाटेनं चार-पाच मैल परत जाऊन डंपर गाठला, चालकाला खाली उतरवून पंधरा मिनिटं झापलं आणि परत गाडीत बसल्यावर मला म्हणाले, "हा दुसराच डंपर होता रे." झापल्याचं त्यांना वाईट वाटलं नाही. याच्याही हातून कधी ना कधी घडलंच असणार, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

शेवटी शहापूरच्या डॉक्टरांनी त्यांच्या दंडाला पट्टा बांधून हवा भरली, काट्याकडे बघितलं, पुन्हा भरली आणि बाहेर बसलेल्या काकूंना आत बोलावलं. काकू म्हणजे साहेबांच्या बायको. गाडी सोडा किंवा राग सोडा, दोन्ही ठेवायचं असेल तर माझ्याकडे परत येऊ नका, असं डॉक्टरांनी सुनावलं. गाडी सोडायचा प्रश्नच नव्हता. राहिला राग. तो सोडायचा कसा, हे ना डॉक्टरांनी सांगितलं ना साहेबांना सुचलं.

सुचलं ते काकूंच्या धाकट्या भावाला. तो डोंबिवलीला एका चष्म्याच्या दुकानात कामाला होता आणि जगातल्या प्रत्येक दुखण्याचं मूळ डोळ्यात आहे असं त्याचं प्रामाणिक मत होतं. त्यानं ती मखमली पेटी आणून दिली. आत मराठीत छापलेलं पत्रक होतं, ते बहुधा मराठी न येणाऱ्या माणसानं लिहिलं असावं. रोज वाहन चालवणाऱ्यांची मनःस्थिती या रंगीत काचा उंचावतात, असा त्याचा एकूण मथितार्थ. निळी काच शांत करते, गुलाबी सर्वांविषयी प्रेम उत्पन्न करते, हिरवी समाधान देते, पिवळी मनावरचे ढग घालवते, नारिंगी सुस्ती उडवते. सहाव्या, राखाडी काचेपुढे काहीच छापलेलं नव्हतं. ती साहेबांनी कधी डोळ्याला लावली नाही. ज्याचं फळ लिहिलेलं नाही असं औषध घेऊ नये, म्हणाले.

ते पत्रक त्यांनी शासनाचा आदेश वाचावा तसं वाचलं. महत्त्वाच्या ओळींखाली लाल रेघा मारल्या आणि दुसऱ्या दिवसापासून अंमलबजावणीला लागले. "डोळ्याला सांभाळा, डोकं आपोआप सांभाळलं जातं," हे वाक्य मी त्यानंतर दीड वर्ष दिवसातून चारदा ऐकलं.

पहिला आठवडा निळ्याचा होता. निळ्यानं साहेब इतके शांत झाले, की सरळगावच्या पुढे एका पेंढ्याच्या बैलगाडीमागे आम्ही अर्धा तास रांगत होतो. रस्ता मोकळा, समोरून काही येत नाही, आणि साहेब बैलांच्या चालीनं गाडी चालवताहेत. मी घड्याळ बघितलं तर म्हणाले, "घाई हा निव्वळ दृष्टिदोष आहे." शेवटी गाडीवानालाच ते सहन होईना. त्यानं बैल थांबवले, खाली उतरून आमच्या खिडकीशी आला आणि काकुळतीनं म्हणाला की साहेब, तुमी पुढं जा, नायतर माझ्याकडून काय चुकलं ते तरी सांगा. साहेबांनी त्याला विनाकारण नमस्कार केला.

गुलाबीचा किस्सा आटगावच्या रस्त्यावरचा. मला कल्याणला जायचं होतं म्हणून साहेब मला आटगाव स्टेशनवर सोडायला निघाले होते. वाटेत रस्त्याचं काम चालू होतं आणि एक मजूर लाल फडकं हलवत उभा होता. पण गाढ गुलाबी काचेतून लाल आणि पांढरं यात फारसा फरक उरत नाही. साहेबांना वाटलं, हा पांढरं फडकं हलवून या म्हणतोय. आम्ही आलो. ओल्या, वाफाळत्या डांबरात चारही चाकं रुतली आणि मुकादम शिव्या देत धावत आला. जुने साहेब असते तर त्याच्याहून मोठ्या दिल्या असत्या. नव्या साहेबांनी शांतपणे स्वतःचा गुलाबी चष्मा काढून मुकादमाच्या डोळ्यांवर चढवला आणि आता बघा, असं सांगितलं. मुकादमानं चष्म्यातून आपल्या नासलेल्या रस्त्याकडे बघितलं आणि पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली. "काहींना फरक पडायला वेळ लागतो," साहेब मला म्हणाले. माझी लोकल गेली.

या सगळ्यात नुकसान झालं ते काकूंचं. पत्रकात वाहनचालकांसाठी असं स्पष्ट लिहिलेलं असल्यामुळे साहेब गाडीतून उतरताना चष्मा काढून पेटीत ठेवत. म्हशी, एसट्या आणि डंपर यांना दिवसभर माफ केलेलं सगळं मग घरी वसूल होई. आमटीत मीठ कमी, वर्तमानपत्राची घडी वाकडी, दार जोरात वाजलं. घरातही एखादा रंग लावत जा, असं काकूंनी अनेकदा सुचवून पाहिलं. साहेबांनी नियमावर बोट ठेवलं.

लोकांच्या मात्र ही वाटणी आमच्याही आधी ध्यानात आली. कचेरीत टेबलापाशी बसलेले साहेब आणि गाडीत बसलेले साहेब ही दोन माणसं आहेत, हे कळल्यावर कोण कशाला कचेरीत येईल? दाखल्यासाठी, वारसनोंदीसाठी, बांधाच्या तक्रारीसाठी माणसं वळणावळणावर उभी राहायला लागली. त्या रस्त्यावरची आमची वळणं ठरून गेली. गाडी दिसली की हात वर करायचा, साहेब थांबायचे, कागद बॉनेटवर पसरायचा आणि सही व्हायची. मला लांबून खुणेनं विचारत, आज कुठला? मी गालाला बोट लावलं की गुलाबी. गुलाबीला ज्येष्ठ नागरिकाचा दाखला पन्नाशीतल्या माणसालाही मिळून गेल्याचं मला माहीत आहे. आकाशाकडे बोट केलं की निळा, तेव्हा लोक गाडी जाऊ देत, कारण निळ्यात साहेब सही करत पण त्याआधी तासभर बोलत. आमच्याकडची कामं त्या काळात जितकी झटपट झाली तितकी आधीही झाली नाहीत आणि नंतरही नाही. मला हे सगळं फार सोयीचं होतं. माझी बोलणी कमी झाली होती, कामही कमी झालं होतं, आणि माझ्याबद्दल पत्रकातलं मत खरं ठरत चाललं होतं.

सगळ्यांत लाडका रंग पिवळा. मुरबाडकडचे पावसाळ्याचे दिवस मळकट असतात. डोंगर दिसत नाही, दुपार आणि संध्याकाळ यांत फरक कळत नाही. साहेब पिवळा चढवत आणि त्यांच्यापुरतं ऊन पडे. चिखल त्यांना गुळासारखा दिसे, गढूळ ओढा चहासारखा. ते सुखानं गुणगुणत गाडी चालवत. मीही बाजूला पिवळा लावून बसलेला असायचो आणि खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटायचं.

त्या वर्षी भातावर करपा पडला.

इथे जरा सरकारी रीत सांगायला हवी. दरवर्षी दसऱ्याच्या आगेमागे गावोगावच्या पिकाची पैसेवारी काढतात. पीक पूर्ण आलं तर शंभर पैसे धरायचे, आणि यंदाचं त्या मानानं किती, हे एका समितीनं शेतात जाऊन, उभं पीक नजरेनं बघून ठरवायचं. आकडा पन्नासच्या आत आला तर गावावर संकट आलंय असं सरकार मानतं. मग शेतसाऱ्यात सूट मिळते, शाळेच्या मुलांची परीक्षा फी माफ होते आणि गावातच बंधाऱ्याची, रस्त्याची कामं निघतात. पन्नासच्या वर गेला तर गाव सुखात आहे. समितीचे अध्यक्ष सर्कल. तलाठी असतो, सरपंच असतो, आणि छोट्या शेतकऱ्यांपैकी एक बाई असते.

वैशाखऱ्याच्या बाजूला आमचं एक डोंगराकडेचं गाव होतं. नाव लिहीत नाही. तिथल्या समितीतली बाई म्हणजे ताराबाई. नवरा वारलेला, दीड एकर भात, थोडी नाचणी, आणि एक मुलगी, दहावीला. त्या गावातून दहावीपर्यंत पोचलेली ती दुसरी की तिसरी पोरगी. पीक गेलं की त्या बाजूची घरंच्या घरं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाला परततात. मुलं अर्थातच सोबत. ताराबाईचं म्हणणं साधं होतं, आणि ते तिनं समितीच्या कागदावर सही करताना मला सांगून ठेवलं होतं: गावात काम निघालं तर ती भट्टीवर जाणार नाही, आणि ती गेली नाही तर पोरगी मार्चमध्ये परीक्षेला बसेल. सही तिनं कोऱ्या कागदावर केली होती. आमच्याकडे सह्या आधी घेऊन ठेवत, आकडा मागाहून भरत. म्हणजे पाहणीच्या दिवशी कुणाची खोटी व्हायला नको.

पाहणीच्या दिवशी भुरभुर होती आणि आभाळ खाली उतरलेलं. साहेबांनी पेटी उघडली आणि आज दोघांनाही पिवळा, असं जाहीर केलं. त्या गावाकडे जाणारा कच्चा रस्ता चिखलात गेला होता, म्हणून साहेबांनी मुख्य रस्त्यावरूनच पाहणी उरकायची ठरवली. पाहणीसाठी गाडीचा वेग जरा कमी केला, हेही नमूद केलं पाहिजे. दोन्ही अंगांना भाताची खाचरं पिवळीधमक झळाळत होती. लांब बांधावर सरपंच आणि ताराबाई चपला हातात घेऊन आमची वाट बघत उभे होते. गाडी थांबत नाही असं दिसल्यावर ताराबाईनं दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवले. साहेबांनी खिडकीतून हात हलवून उत्तर दिलं.

"बघ, पीक चांगलं आलं की माणसं कशी खुशीत असतात," ते मला म्हणाले.

मग त्यांनी मला काय वाटतं ते विचारलं. मी सापगावचा, भाताच्या खाचरात वाढलेला. भरलेली लोंबी दाण्याच्या वजनानं वाकते, पोकळ लोंबी ताठ उभी राहते, हे माझ्या घरात पाच वर्षांच्या पोरालाही कळतं. त्या खाचरांमधली एकही लोंबी वाकलेली नव्हती. चष्म्यानं रंग बदलतो, वाकलेलं ताठ दिसत नाही. मला दिसलं होतं. पण साहेब खुशीत होते आणि मला शनिवारची रजा मागायची होती. चांगलं दिसतंय, साहेब, असं मी म्हणालो. त्यांनी गाडी चालवता चालवताच आकडा सांगितला आणि मी तो मांडीवरच्या कागदात भरला. बासष्ट पैसे. रजा मिळाली.

दहा-बारा दिवसांनी त्याच बाजूला जाताना वळणावर ताराबाई उभी होती. हाताच्या खुणेनं तिनं रंग विचारला नाही, ती सरळ रस्त्याच्या मध्ये आली. काखेत भाताचा एक मोठा मुडगा, म्हणजे लोंब्यांसकट बांधलेली जुडी, होता. साहेबांनी गाडी थांबवली. पिवळाच होता. तिनं मुडगा बॉनेटवर ठेवला, जिथे एरवी लोक कागद ठेवत.

"साहेब, आमच्या गावाला बासष्ट लिवलं म्हनं तुमी. ही बासष्टची लोंबी बघा."

साहेबांनी बसल्या जागेवरून बघितलं आणि सोन्यासारखं पीक आहे, रडता कशाला, असं हसून विचारलं. ती खिडकीपाशी आली.

"ती काच काडा ना जरा डोल्यावरची. मंग बघा."

साहेबांनी तिला समजावून सांगितलं. अगदी मनापासून सांगितलं, याला मी साक्ष आहे. आपल्याला ब्लडप्रेशर आहे. रस्त्यावर असताना चष्मा काढला की राग येतो. राग आला तर डोक्यात रक्त चढून माणूस जागेवर आडवा होईल, असं डॉक्टर म्हणाले आहेत. तेव्हा काच काही काढता येणार नाही.

ताराबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"मंग येऊं दे ना राग," ती म्हणाली. "आमच्या गावासाठी कोनाला तरी राग आला पायजे. आमी काय कमी चिडलोय? पन आमचा राग कागदावं येत नाय, साहेब. तुमचा येतो."

साहेबांनी इंजिन बंद केलं. मग त्यांनी चष्मा काढला, पेटीत न ठेवता सीटवर टाकला आणि खाली उतरले. चांगल्या बुटांनी खाचरात शिरले. कापून करायचं काय, म्हणून पीक अजून उभंच होतं. उघड्या डोळ्यांना ते सोनेरी नव्हतं, चुलीतल्या राखेच्या रंगाचं होतं. साहेबांनी एक लोंबी ओरबाडली, दोन्ही तळव्यांत चोळली आणि फुंकर मारली. दाणा असेल तर तळहातावर राहतो. सगळं उडालं. दुसरी चोळली, तीही उडाली. असं करत ते खाचराच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेले. मी बांधावर उभा होतो आणि त्यांचे कान लाल होत चाललेले मला तिथूनही दिसत होते.

परत आले ते थेट माझ्यापुढे. मला वाटलं, आता शिव्या. त्यांनी विचारलं, "तू शेतकऱ्याचा ना रे?" मी हो म्हटलं. "मग तुला दिसलं नव्हतं?"

मी चष्म्याचं कारण सांगू शकलो असतो. तेवढी लाज शिल्लक होती म्हणून सांगितलं नाही. दिसलं होतं, असं म्हणालो. साहेबांनी तळहातावर चिकटलेली टरफलं माझ्या शर्टाला पुसली आणि गाडीत जाऊन बसले. दीड वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघं उघड्या डोळ्यांनी मुरबाडपर्यंत गेलो. वाटेत एका म्हशीला त्यांनी अशा शिव्या घातल्या, की मला जुने दिवस आठवून बरं वाटलं.

त्यानंतरचे साहेब हे माझ्या आयुष्यातले सगळ्यांत आवडते साहेब. त्यांनी गावात तीन दिवस चालत पाहणी केली, प्रत्येक वाडीत समितीच्या माणसांना बोलावून त्यांच्यादेखत लोंब्या चोळल्या आणि बासष्टच्या जागी चव्वेचाळीस पैशांचा सुधारित अहवाल केला. या वेळी आकडा आधी आणि सह्या मागून. ताराबाईनं सही करण्याआधी आकडा दोनदा वाचून घेतला.

तो अहवाल घेऊन ते वरच्या साहेबांपुढे उभे राहिले. वरचे साहेब चांगले गृहस्थ होते. त्यांना कशाचंच काही वाटत नसे. त्यांनी एवढंच सांगितलं, की दहा दिवसांत नजरेत अठरा पैशांचा फरक पडतो कसा, याचा लेखी खुलासा द्या. दुसरा कुणी असता तर रोगाचा प्रादुर्भाव अचानक वाढल्याचं लिहून मोकळा झाला असता. मी साहेबांना तसं सुचवलंही. साहेबांनी खुलासा स्वतःच्या हातानं लिहिला. प्रथम पाहणीच्या वेळी अध्यक्ष व तलाठी या दोघांच्याही डोळ्यांवर पिवळ्या रंगाचे चष्मे होते, सबब करपलेले पीक पिकलेले दिसले, चूक माझी आहे.

सरकारी दप्तरात असा कागद त्याआधी कधी आला नसावा. तो कुठे लावायचा हेच कुणाला कळेना. पंधरा दिवसांनी तो परत आला, सोबत शेरा: सदर चष्मे शासकीय होते की खासगी, याचा बोध होत नाही. साहेबांनी लिहिलं, खासगी. पुन्हा तीन आठवड्यांनी: चष्म्यामुळे रंग बदलतो याबाबत नेत्रतज्ज्ञाचा दाखला जोडावा. साहेब ठाण्याला जाऊन दाखला घेऊन आले. मग शेरा आला, की दाखल्यात चष्म्याचा रंग पिवळसर असा आहे आणि खुलाशात पिवळा. प्रत्येक शेऱ्याला साहेब वर जाऊन भांडत. त्यांचा आवाज खालच्या आवारात ऐकू येई. दाखल्यासाठी आलेली माणसं तो ऐकून आपसांत विचारत की आज कुठला चष्मा आहे, आणि मी सांगायचो, आज नाही. डॉक्टरांनी गोळी एकाची दोन केली, मग तीन. काकू कचेरीतल्या फोनवर मला विचारत, आज वर गेले होते का? मी नाही म्हणायचो. त्यांना ते कळत असावं.

चव्वेचाळीस मंजूर झाले ते संक्रांत होऊन गेल्यावर. साहेबांनी मंजुरीचा कागद खिशात घातला आणि मला घेऊन त्याच पावली गावाला निघाले. आम्ही पोचलो तेव्हा गावात म्हातारी माणसं होती, कोंबड्या होत्या, आणि दारांना कड्या. ताराबाईच्या कडीला कुलूप नव्हतं, सुतळी बांधलेली होती. शेजारच्या म्हातारीनं सांगितलं की दिवाळी झाली, आठ दिवस वाट बघितली आणि मायलेकी भट्टीवर गेल्या. भट्टी कल्याणच्या पुढे, खाडीच्या अंगाला.

साहेबांनी तिथूनच गाडी काढली. भट्टीवर विटांच्या रांगांमधून विचारत विचारत गेलो. पोरगी साच्यात चिखल भरत होती. आम्हाला बघून उठून उभी राहिली आणि हात पाठीमागे लपवले. ताराबाईनं डोक्यावरच्या विटा आधी उतरवून नीट रचल्या, मग आली.

साहेबांनी कागद उघडून तिच्यापुढे धरला. गाव पन्नासच्या आत आलंय, बंधाऱ्याचं काम पुढच्या आठवड्यात निघेल, असं ते सांगत होते, आणि त्यांचा आवाज मी आजवर इतका खाली गेलेला ऐकला नव्हता. ताराबाई म्हणाली की भट्टीच्या मुकादमाकडून सहा महिन्यांच्या मजुरीची उचल घेतलीय, ती फिटेपर्यंत तिला हलता येणार नाही. मग साहेबांनी पोरीचं विचारलं. परीक्षेला दीड महिना आहे, फॉर्म भरलेला आहे, तोवर ती शहापूरला माझ्या घरी राहील, बायको तिला अभ्यासाला बसवेल, असं म्हणाले. हे काकूंना अजून माहीत नव्हतं. ताराबाईनं पोरीकडे बघितलं. पोरगी एव्हाना हात धुवायला पळाली होती.

"जाऊं दे तिला," ताराबाई म्हणाली. मग तिनं कागद पुन्हा एकदा वाचला आणि घडी घालून साहेबांना परत दिला. "या साली उशीर झाला, साहेब. पुडच्या साली जरा आदी चिडा."

साहेबांनी मान खाली घातली. मी मेमध्ये रिटायर होतोय, ते म्हणाले. पुढच्या साली पाहणीला हा असेल.

ताराबाईनं मला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं. चिखलानं माखलेला हात कमरेवर ठेवून तिनं मला नाही, साहेबांनाच विचारलं, "याला येतो का राग?"

"मेपर्यंत शिकवतो," साहेब म्हणाले.